परदेशची सायकल-सहल : सायकल घरची न्यावी कीं भाड्याची घ्यावी?

परदेशीं जाऊन सायकलवर हिंडण्याची हौस ही आतां केवळ धाडसी तरुणांची मिरासदारी राहिलेली नाहीं. मुलांचीं शिक्षणें उरकलेलीं जोडपीं, निवृत्तीला टेकलेले प्राध्यापक, बँकेंत उभी हयात घालविलेले अधिकारी अशीं मध्यमवर्गीय माणसें आज डॅन्यूब नदीच्या कांठानें, हॉलंडच्या सपाट मुलुखांतून किंवा जपानच्या बेटांवरून आठ-दहा दिवस सायकलनें फिरून येतात. असा बेत घरांत शिजूं लागला, कीं विमानाच्या तिकिटाखालोखाल एका प्रश्नाचा खल होतो : सायकल घरची न्यावी, कीं तेथें भाड्यानें घ्यावी? प्रश्न दिसावयास लहान. पण कित्येक वर्षें पैसे सांठवून काढलेली सहल मोकळ्या वाऱ्यांत जाणार, कीं दुखरे गुडघे चेपीत हॉटेलच्या खोलींत जाणार, हें पुष्कळदां त्याच्याच उत्तरावर ठरतें. आणि नवलाची गोष्ट अशी, कीं हें उत्तर विमान कंपनीच्या कचेरींत मिळत नाहीं. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्यानें चाळीसएक किलोमीटरवर असलेल्या कापूरहोळच्या फाट्यावर तें अधिक खात्रीनें मिळतें. तें कसें, हें पाहण्यापूर्वीं प्रश्नाचीं दोन्ही अंगें तपासलीं पाहिजेत.

पुणेकराच्या मनांत या दोन पक्षांविषयीं जुने ग्रह घर करून बसले आहेत. पुणें हें सायकलींचें शहर म्हणून मिरवीत होतें, त्या काळीं पेठापेठांतून तासावर सायकली देणारीं दुकानें होतीं. दुकानदार वहींत नांव व वेळ टिपून घेई; आणि गिऱ्हाइकाच्या हातीं जी सायकल येई, तिची घंटी सोडून बाकी सर्व कांहीं वाजत असे. उलट घरची सायकल म्हणजे मॅट्रिक झाल्याबद्दल वडिलांनीं घेऊन दिलेली, दर रविवारीं पुसूनतेलून ठेवलेली वस्तु. भाड्याची ती खटारा आणि घरची तें सोनें, हा हिशेब तेव्हांपासून पक्का झाला. डिसेंबर २०१७ मध्यें मोबाइल फोनवरून कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली पुण्यास विद्यापीठाच्या आवारांत व औंध भागांत आल्या. पण थोड्याच वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या आणि जुना ग्रह पुसला गेला नाहीं. परदेशच्या प्रवासांत मात्र हा ग्रह वाटाड्या म्हणून घेणें धोक्याचें आहे. तेथील चांगल्या दुकानांतली भाड्याची सायकल बहुधा नीट राखलेली असते. आणि विमानाच्या पोटांतून उतरणारी घरची सायकल कोणत्या अवस्थेंत उतरेल, याचा भरंवसा कोणीच देऊं शकत नाहीं.

दुसरा ग्रह पराक्रमाच्या कथांनीं घडविलेला आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा या तिघांनीं ती पुरी केली आणि सुमारें ७१,००० किलोमीटर तुडवून ते १९२८ सालीं परतले. नाशिकचे डॉक्टर बंधु हितेंद्र व महेंद्र महाजन यांनीं २०१५ सालीं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सायकल-शर्यत पुरी केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिनें २०१८ सालीं, विशीच्या उंबरठ्यावर असतां, १४ देशांतून सुमारें २९,००० किलोमीटर अंतर १५९ दिवसांत काटलें. अशा प्रवासाला स्वतःच्या सायकलीवांचून गत्यंतर नाहीं. वाट पुढेंच जाणारी, निघाल्या दुकानीं परत न येणारी. दिवस शेंकड्यांनीं मोजावयाचे. आणि अंग व यंत्र यांचा मेळ महिनोन्‌महिने जमविलेला. पण सहा दिवसांच्या सहलीला निघालेलें जोडपें हा आदर्श समोर ठेवून दोन अवजड खोकीं घेऊन विमानतळावर उभें राहतें, तेव्हां तें वीरांचें ओझें उचलतें. वीरांचें प्रयोजन त्याच्यापाशीं नसतें.

कल्पना करावी, कीं पुण्यांतील अशाच एका जोडप्यानें जर्मनींतील पासाउ गांवापासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या कांठानें जाण्याचें ठरविलें आहे. अंतर तीनशें किलोमीटरांच्या थोडें वर; सायकलवरचे दिवस सहा. यजमान म्हणतात, "माझी सायकल मला ठाऊक आहे. परक्या मुलुखांत परक्या सायकलवर बसून पाठ मोडून घेणार नाहीं मी." पत्नी म्हणते, "अहो, पण तीं खोकीं मुंबईच्या विमानतळापर्यंत कशीं नेणार? आणि व्हिएन्नाहून परततांना नवीं खोकीं कोठून पैदा करणार? सहलीला जायचंय, कीं हमाली करायला?" दोघांच्याही बोलण्यांत निम्में निम्में तथ्य आहे. पत्नीच्या मुद्द्यापासून आरंभ करणें सोयीचें.

बहुतेक विमान कंपन्या साध्या वर्गाच्या प्रवाशाच्या एका नगाला २३ किलोंची मर्यादा घालतात. प्रवासी सायकल बारा ते पंधरा किलोंची असते. पुठ्ठ्याचें खोकें व आंतील स्पंजाच्या पट्ट्या धरूनही वजन या मर्यादेंत बसतें. पण लांबी, रुंदी व उंची मिळून १५८ सेंटिमीटरांचा जो रूढ नियम आहे, त्यांत सायकलीचें खोकें मावत नाहीं. म्हणून तिची गणना खेळाच्या साहित्यांत होते. कांहीं कंपन्या तें साहित्य नेहमींच्या सामानांत धरतात, कांहीं प्रत्येक फेरीला वेगळा आकार घेतात, आणि आगाऊ कळविण्याची अट बहुतेक सर्वच घालतात. जातांना व येतांना निरनिराळ्या कंपन्यांचीं विमानें असतील, तर दोघींचे नियम वाचणें भाग आहे. अन्यथा जातांना फुकट गेलेली सायकल येतांना खिसा रिकामा करते.

तिकिटाच्या कागदावर न दिसणारा खर्च याहून मोठा. पुण्याहून मुंबईला खोकीं मावतील अशी मोठी गाडी करावी लागते. तिकडे उतरल्यावर पुन्हां तशीच गाडी. सायकल जुळविण्यांत अर्धा दिवस जातो. रिकामें खोकें पहिल्या मुक्कामाच्या हॉटेलांत ठेवतां येतें खरें, पण सहल पासाउला सुरू होऊन व्हिएन्नाला संपणार असेल, तर त्या खोक्याचा उपयोग काय? शेवटच्या दिवशीं सायकलच्या दुकानांतून दुसरें पैदा करावें लागतें आणि सायकल पुन्हां सुटी करण्यांत आणखी अर्धा दिवस खर्ची पडतो. आठ दिवसांच्या रजेंतला एक दिवस असा पान्हा हातांत घेऊन जातो, आणि तोही जमेस धरला पाहिजे.

हिशेबाची रीत सोपी आहे. सायकल नेण्याआणण्याचा सर्व खर्च एका बाजूला मांडावा आणि त्याला तेथील एका दिवसाच्या भाड्यानें भागावें. उत्तर दहा आलें, तर दहा दिवसांहून लहान सहलीला भाड्याची सायकल स्वस्त आणि दहांहून मोठीला घरची. प्रश्न पैशाचाच असता, तर येथेंच निकाल लागला असता. पण सायकल ही आगगाडीच्या बांकासारखी निर्विकार वस्तु नाहीं. तिचा माणसाच्या हाडांशीं संबंध येतो. येथें यजमानांचा मुद्दा उभा राहतो.

सीट अर्धा इंच खालीं असली, तरी तासाभराच्या फेरींत कांहीं कळत नाहीं. तिसऱ्या दिवशीं मात्र गुडघ्याच्या पुढच्या बाजूस कळ येऊं लागते. सीट फार उंच असली, तर कंबर डावीउजवीकडे डोलते आणि गुडघ्यामागची शीर ओढली जाते. हॉलंडमधील माणसें उंचीनें जगांत अग्रेसर. तेथील साध्या सायकलींचे सांगाडेही त्या मापाचे. पांच फूट उंचीच्या मराठी बाईनें तेथें गेल्यावर जी मिळेल ती घेऊं असें म्हणणें म्हणजे दुसऱ्याच्या चपला पायांत घालून पंढरीची वारी करणें. म्हणून भाड्याची सायकल घ्यावयाची असली, तरी सांगाड्याचें माप आगाऊ कळवून ठेवावें. आणि घरच्या सायकलीवरून दोन मापें फितीनें घेऊन कागदावर टिपून न्यावीं. पायडलचे दांडे ज्या आंसाभोंवतीं फिरतात, त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचें अंतर हें एक. सीटच्या टोकापासून हँडलपर्यंतचें हें दुसरें. या दोन आंकड्यांनीं परकी सायकल पांच मिनिटांत निम्मी आपली होते.

ब्रेकची गोष्ट याहून नाजूक. भारतांत व इंग्लंडांत उजव्या हाताचा ब्रेक सामान्यतः पुढच्या चाकाचा असतो. जर्मनी, फ्रान्स, अमेरिका येथें तो डाव्या हाताचा असतो. उतारावर अचानक कुत्रें आडवें आलें, तर हात विचार करीत बसत नाहीं, सवयीनें दाबतो. आणि सवय उलटी असली, तर स्वार हँडलवरून पुढें पडतो. हॉलंड व जर्मनी येथील पुष्कळ साध्या सायकलींना पायानें उलटें फिरवून लावावयाचा ब्रेक असतो. पायडल सहज मागें फिरविण्याची खोड असलेला भारतीय स्वार त्यावर पहिल्या चौकांतच थबकतो. त्यांत वाहतूक उजव्या बाजूची. यासाठीं भाड्याच्या सायकलवर पहिला अर्धा तास दुकानाजवळच्या मोकळ्या जागेंत घालवावा. घरची सायकल नेणाऱ्याला ब्रेकची ही शिकवणी लागत नाहीं, ही तिची मोठी जमेची बाजू आहे.

भाड्याच्या सायकलीची सर्वांत मोठी अडचण ती परत करण्याची. आणि जेथें ही अडचण सुटली आहे, तेथें तिचा पक्ष बळकट होतो. जपानांत ओनोमिची व इमाबारी या दोन गांवांच्या दरम्यान बेटांना जोडणारे पूल ओलांडीत जाणारा सुमारें ७० किलोमीटरांचा सायकलमार्ग आहे. त्याच्या वाटेवर भाड्यानें सायकली देणारीं ठाणीं आहेत. एका ठाण्यावर घेतलेली सायकल दुसऱ्या ठाण्यावर सोडतां येते. दमलेल्या माणसानें मध्येंच सायकल ठेवून बस गांठली, तरी सहल फसत नाहीं. डॅन्यूबच्या कांठींही पासाउला सायकल घेऊन व्हिएन्नाला सोडण्याची सोय देणारे व्यावसायिक आहेत. उलट, एका गांवीं घेतलेली सायकल त्याच गांवीं परत द्यावयाची असेल, तर सरळ पुढें जाणारा मार्ग सोडून फिरून परत येणारा मार्ग आंखावा लागतो.

प्रत्येक देशाची एकेक मेख असते, ती आधींच ठाऊक असावी. हॉलंडच्या आगगाडींच्या स्टेशनांवर भाड्याच्या निळ्या-पिवळ्या सायकली रांगेनें उभ्या दिसतात. पण त्यांना स्थानिक प्रवासपत्र व बँकेचें खातें लागतें, म्हणून पाहुण्या प्रवाशाला साधें दुकानच शोधावें लागतें. त्याच देशांत सायकल आगगाडींत न्यावयाची, तर तिचें वेगळें तिकीट काढावें लागतें, आणि जुलै व ऑगस्ट हे दोन महिने सोडून कामाच्या दिवशीं सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळीं तिला मज्जाव असतो. जपानच्या आगगाडींत सायकल चाकें सोडवून पिशवींत पुरी गुंडाळल्याशिवाय चढूं देत नाहींत. अशा देशांत घरची सायकल नेणाऱ्यास केवळ विमानतळावर नव्हे, तर मुक्कामागणिक ती सुटी करावी लागेल. आणि विजेची सायकल असेल, तर प्रश्नच मिटतो. प्रवासी विमानांत १६० वॅट-तासांहून मोठी लिथियमची बॅटरी नेण्यास परवानगी नाहीं, आणि अशा सायकलींच्या बॅटऱ्या त्याच्या दुप्पट-तिप्पट असतात. चढावर विजेची मदत ज्यांना हवी, त्यांनीं सायकल तेथेंच भाड्यानें घ्यावी.

आतां घरची सायकल खरोखर केव्हां घरची ठरते, तें पाहूं जातां असें दिसतें, कीं मालकीची पावती हा त्याचा पुरावा नव्हे. जुन्या काळ्या भारतीय सायकलीचा टायर २८ बाय दीड इंचांचा. त्याच्या चाकाचा कड्यावरील व्यास ६३५ मिलिमीटर. परदेशांत सर्रास मिळणारा टायर ६२२ मिलिमीटरांच्या चाकाचा. तेरा मिलिमीटरांचा हा फरक डोळ्यांना दिसत नाहीं, पण लहान गांवच्या दुकानांत टायर बदलावयाची वेळ आली, तर तोच प्रवास थांबवितो. ट्यूबच्या व्हॉल्व्हच्याही तीन जाती आहेत आणि प्रत्येकीचें पंपाचें तोंड निराळें. मागच्या चाकाजवळ गिअर बदलणारें यंत्र ज्या चिमुकल्या पत्तीला लटकतें, ती पत्ती खोकें आदळल्यास प्रथम वांकते. आणि ती प्रत्येक बनावटीच्या सायकलीची वेगळी असल्यामुळें, जोडीची एक पत्ती घरूनच न्यावी लागते. एवढें ज्याला ठाऊक आहे आणि ज्याच्या हाताला तें जमतें, त्याचीच सायकल घरची. इतरांची ती केवळ विकत घेतलेली. कस्टम्सचीही एक खबरदारी आहे. भारी किंमतीची सायकल बाहेर नेतांना विमानतळावर निर्यातीचा दाखला घेऊन ठेवावा. म्हणजे परततांना ती परदेशची नवी खरेदी समजली जाण्याचा प्रसंग येत नाहीं.

या दोन टोकांच्या मध्यें एक शहाणपणाची वाट आहे आणि अनुभवी प्रवासी तीच पुष्कळदां धरतात. अंगाला सायकल लागते ती तीन ठिकाणीं : सीट, पायडल व हँडल. यांपैकीं सीट व पायडल पिशवींत घालून नेतां येतात. कातडी सीट तर वर्षानुवर्षांच्या वापरानें मालकाच्याच बैठकीची होऊन गेलेली असते. घरची सीट व पायडल भाड्याच्या सायकलीला लावून घेतलीं, कीं सांगाडा परका आणि स्पर्श घरचा, असा संगम साधतो. महिना-दोन महिने राहावयाचें असेल, तर तेथेंच जुनी सायकल विकत घेऊन निघतांना विकावी, हाही एक मार्ग आहे. परदेशीं राहणाऱ्या पुतण्याची किंवा मुलीची सायकल घेण्याचा मोह अनेकांना होतो. ती फुकट असते. पण तिचें माप, ब्रेक व कुलूप यांची चौकशी दुकानाच्या सायकलीइतकीच कसून करावी. घरच्या माणसाची म्हणून ती गुडघ्यांना दयामाया दाखवीत नाहीं.

इतका विचार कागदावर झाला, म्हणजे कापूरहोळचा रस्ता धरावा. भोर तालुक्यांतलें हें गांव पुणें-सातारा हमरस्त्यावर वसलें आहे. संभाजीराजांना दूध पाजणारी धाराऊ याच गांवची, अशी त्याची इतिहासांत ओळख. सायकलस्वाराच्या दृष्टीनें त्याचें महत्त्व निराळें. येथें तीन तऱ्हांचे रस्ते एकत्र येतात. एक रुंद हमरस्ता. दुसरा पश्चिमेस भोरकडे वळणारा, शेतांमधून जाणारा. तिसरा पूर्वेस नारायणपुराकडे, पुरंदरच्या डोंगराच्या अंगानें चढत जाणारा. परदेशच्या सहलींत ज्या तीन प्रकारच्या वाटा भेटतात, त्या येथें एका फाट्यावर भेटतात. शिवाय पुण्याहून कात्रजचा जुना घाट, शिवापूर, नसरापूर यांवरून कापूरहोळ आणि तेथून भोर, हें अंतर पन्नासएक किलोमीटर भरतें. डॅन्यूबच्या कांठीं सुखानें जाणारा माणूस एका दिवसांत जी मजल मारतो, तितकीच ही मजल आहे.

परीक्षा दोन आठवड्यांची. पहिल्या शनिवारीं पहाटे, हमरस्त्यावरची गर्दी वाढण्यापूर्वीं, घरच्या सायकलीवर सहलीचें सारें सामान लादून निघावें. त्यांत सवलत घेऊं नये. परदेशीं ज्या पिशव्या, जे कपडे, जे बूट न्यावयाचे तेच घ्यावे. कापूरहोळला पोहोंचल्यावर चहा-मिसळ होण्यापूर्वीं रस्ता सोडून सावलींत बसावें आणि सायकल सुटी करावी. दोन्ही चाकें काढावीं, पायडल सोडवावीं, हँडल वळवून सांगाड्याला बांधावें. मागच्या चाकाची ट्यूब बाहेर काढून पुन्हां बसवावी. मग सर्व पुन्हां जोडून, ब्रेक पाहून, नारायणपूरच्या चढावर दोन-तीन किलोमीटर जाऊन यावें. जोडण्यांत कांहीं चूक राहिली असेल, तर चढावर साखळी ती सांगते आणि उतारावर ब्रेक सांगतो. तेथून भोरला जाऊन मुक्काम करावा. वाटेजवळ वेळवंडी नदीवर १९२८ सालीं खुलें झालेलें भाटघरचें धरण आहे. तें पाहण्याइतका उत्साह अंगांत उरला आहे कीं नाहीं, हाही परीक्षेचाच एक प्रश्न समजावा. दुसऱ्या दिवशीं त्याच वाटेनें परत. हा मुक्काम टाळूं नये. सायकलची अडचण पहिल्या दिवशीं बोलत नाहीं. दुसऱ्या सकाळीं सीटवर बसतांना ती बोलते.

पुढल्या शनिवारीं हीच वाट, पण शेजाऱ्याची किंवा मित्राची सायकल मागून घेऊन. तिच्यावर फितीचीं दोन मापें जुळवावीं, घरची सीट व पायडल बसवावीं, आणि अंग काय म्हणतें तें ऐकावें. या दोन फेऱ्यांना खर्च येतो तो चहापाण्याचा व भोरच्या एकेका रात्रीचा. कापूरहोळला पान्हा निसटला आणि सायकल जुळेना, तर टेंपोंत घालून संध्याकाळीं घर गांठतां येतें. हाच प्रसंग ऑस्ट्रियांतल्या एखाद्या खेड्यांत रविवारीं, दुकानें बंद असतां आला, तर वर्षांची पुंजी घालून मिळविलेला एक दिवस तेथेंच संपतो.

वर कल्पिलेलें जोडपें अशी परीक्षा देऊन आलें, तर काय दिसेल? यजमानांचें डावें पायडल सुटतां सुटत नाहीं, असें बहुधा दिसेल. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हें ज्यानें स्वतः तें कधीं काढलें नाहीं त्याला ठाऊक नसतें. तो जोर करून सोडवूं पाहतो आणि तें अधिकच आवळलें जातें. पत्नीच्या ध्यानांत असें येईल, कीं मागून आणलेल्या सायकलीवर घरची सीट बसवितांच दुसऱ्या दिवशींही पाठ कुरकुरली नाहीं. दोघांच्याही भीतीचें मूळ अज्ञानांत होतें, तें निघून गेलें. मार्ग पासाउहून व्हिएन्नाला, दिवस सहा, सायकल दुसऱ्या टोकाला सोडण्याची सोय असलेली. या तिन्ही गोष्टी भाड्याच्या बाजूनें आहेत. त्यांनीं सीट, पायडल आणि मापांचा कागद तेवढा न्यावा, हें उचित. एखाद्या घरांत मात्र उत्तरें दोन निघतील. एकाची उंची किंवा पाठीचें दुखणें असें असेल, कीं परक्या सांगाड्यावर कोणताही उपाय चालूं नये. त्यानें आपली सायकल न्यावी आणि जोडीदारानें भाड्याची घ्यावी. घरांतल्या सर्वांनीं एकच नियम पाळावा, असा कांहीं धर्म नाहीं.

दुकानांतून सायकल ताब्यांत घेतांना आणखी थोडी दक्षता हवी. आधींचे ओरखडे दुकानदाराच्या समोर फोटोंत टिपून घ्यावे. अनामत किती व ती कोणत्या कारणानें कापली जाते, हें लेखी घ्यावें. चोरी झाल्यास जबाबदारी कोणाची, हें विचारावें. कुलूप, दिवा, पंप व पंक्चरचें साहित्य सायकलीबरोबर मिळतें कीं नाहीं, तें पाहावें. जर्मनींत दिव्याबाबत कायदा आहे, ऑस्ट्रेलियांत शिरस्त्राणाची सक्ती आहे. पाहुणा म्हणून सूट मिळत नाहीं. घरची सायकल नेणाऱ्यानेंही प्रवासाचा विमा वाचून पाहावा; सायकल त्यांत धरली आहे, असें गृहीत धरूं नये.

सारांश, सहल लहान, रस्ता चांगल्या दुकानांचा, आणि सायकल सोडण्याची सोय वाटेच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर भाड्याची सायकल घेणें हा कमीपणा नाहीं. सहल महिन्यांची, वाट दुकानांपासून दूर जाणारी, किंवा शरीराला विशिष्ट मापच मानवणारें असेल, तर घरची सायकल न्यावी. पण ती सुटी करून पुन्हां जोडण्याची विद्या हातांत घेऊनच न्यावी. ही विद्या पैशानें मिळत नाहीं आणि परदेशीं गेल्यावर शिकावयास सवड नसते. ती कापूरहोळच्या सावलींत, हाताला वंगण लावून घेऊन, एका सकाळींत शिकतां येते. ती एकदां आली, म्हणजे भाड्याचीही सायकल फार वेळ परकी राहत नाहीं.